तळजाई टेकडीवर गेलं की शिंका सुरू, परागकण किती आहेत हे पुण्यात कुठे बघायला मिळतं का?

सहकारनगरकर
नमस्कार मंडळी, मी रोज सकाळी तळजाईला चालायला जाते, सात-आठ वर्षं झाली, पण गेले दोन सीझन गणपती उरकले की त्रास चालू होतो तो थेट दिवाळीपर्यंत. आतल्या पायवाटेला लागले की दहा मिनिटांत नाक खाजायला लागतं, मग टाळूला आतून खाज, डोळे लाल आणि लागोपाठ पंधरा-वीस शिंका. घरी येऊन आंघोळ केली की तासाभरात शांत. डिसेंबर बरा जातो आणि जानेवारीच्या शेवटी पुन्हा एक राउंड. एक्यूआय, म्हणजे हवा किती प्रदूषित आहे तो आकडा, बघून निघते पण तो हिरवा असला तरी तेच. सोसायटीत सगळे म्हणतात गेटजवळच्या सप्तपर्णीमुळे होतंय, झाड काढायचा अर्ज करायचं चाललंय, मला ते फार जिवावर येतंय. सिट्रिझिन घेतली की दुपारी ऑफिसमध्ये डोळे उघडे राहत नाहीत. चालणं सोडायचं नाहीये, काय करू?

रानवाट
ताई, सप्तपर्णीला हात लावू देऊ नका. त्याचा वास उग्र असतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री काहींचं डोकं धरतं हे खरं, पण त्याचं परागीभवन किडे करतात, वारा नाही. ज्या झाडाला डोळ्यात भरणारी किंवा वासाची फुलं असतात त्याचे परागकण सहसा जड आणि चिकट असतात, ते लांब उडत नाहीत. फेब्रुवारीत टेकड्यांवर गुलाबी फुलणाऱ्या गिरिपुष्पाचंही तेच, उगाच बदनाम होतं.

तुमचं गणपती ते दिवाळी हे वेळापत्रक गवताचं वाटतंय. पाऊस ओसरला की टेकडीवरचं सगळं गवत तुऱ्यावर येतं आणि ते पूर्ण वाऱ्याच्या भरवशावर. एकदा करून बघा, काळा टी-शर्ट घालून जा आणि तुरा आलेली काडी बाहीवर हळूच झटका, फिकट पिवळी पूड पडते आणि बारीक केसरं दोऱ्यासारखी लोंबताना दिसतात. ते बघितलं की फुलांवर संशय राहत नाही. सोबत काँग्रेस गवत आहेच, म्हणजे गाजरगवत, ज्याची देशातली सुरुवातीची ठळक नोंद 1950च्या दशकात आपल्या पुण्यातलीच. ते नुसतं नाकाला नाही, कातडीलाही त्रास देतं, उपटायचं तर फुलायच्या आधी आणि हातमोजे घालून. जानेवारीतल्या राउंडसाठी आजूबाजूला वावळ आहे का बघा. पानं झडलेल्या फांद्यांवर हिरवट तपकिरी बारीक फुलं येतात, कोणाच्या लक्षातही येत नाहीत, पण त्याच्या परागकणांची ॲलर्जी खूप जणांना असते.

पाषाणचा_अभि
एक्यूआयबद्दल सांगतो कारण मीही हीच चूक दोन वर्षं करत होतो. आपल्याकडे एक्यूआय आठ प्रदूषकांवर काढतात, पीएम 10, पीएम 2.5, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड वगैरे, त्यात परागकण मोजतच नाहीत. पीएम 10 म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंतचे कण आणि गवताचा परागकण बहुतेकदा 20 मायक्रॉनच्या वर, म्हणजे तो त्या मोजमापात बसतच नाही. सफरचं ॲप, पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, धूर-धुळीसाठी उत्तम आहे, हिवाळ्यात मी ते बघूनच निघतो, पण ते वेगळं दुखणं झालं. काही हवामानाच्या ॲपमध्ये परागकणांचा आकडा येतो तो बहुतेक मॉडेलवरून काढलेला अंदाज असतो. खरी मोजणी करायला हवा ओढून चिकट पट्टीवर कण धरणारं यंत्र लागतं आणि मग कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली बसून ते मोजतं. म्हणून स्वतःची वही ठेवा, तारीख, कुठली वाट, किती वाजता, वारा होता का, शिंका किती. मला तीन आठवड्यांत कळलं की ऊन चढून दव वाळलं आणि वारा सुटला की माझं सुरू होतं, दणकून पाऊस पडून गेल्यावर काहीच होत नाही.

शिंकाग्रस्त_कोथरूड
पेशंट म्हणून लिहिते, डॉक्टर नाही. मी स्किन प्रिक टेस्ट केली, हातावर थेंब टाकून टोचतात, वीसेक मिनिटांत गांधी उठते तिथे उत्तर. फक्त त्याआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवायला लागतात, मला पहिल्यांदा हे कोणी सांगितलंच नाही आणि अख्खी टेस्ट वाया गेली, म्हणून आधीच विचारून घ्या. झोपेचं म्हणाल तर फेक्सोफेनाडीन मला चालली, तिने पेंग कमी येते, पण डॉक्टरांना विचारूनच. खरा फरक नाकातल्या स्टेरॉइड स्प्रेने पडला. तो मारला की लगेच बरं वाटत नाही, पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून मी गणपतीच्या आधीच सुरू करते. मारताना नळी मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, कानाकडे रोख ठेवायचा, नाहीतर नाकातून रक्त येतं.

आणि टेकडीवरून आल्यावर कपडे थेट धुवायला, केस धुवा, ओढणी पलंगावर टाकू नका. जलनेती करत असाल तर पाणी उकळून गार केलेलंच. छातीत घरघर किंवा चढावर दम लागत असेल तर मात्र घरगुती काही करत बसू नका, तो दमा असू शकतो, लगेच दाखवा.

सहकारनगरकर
मनापासून आभार सगळ्यांचे. आज काळं जॅकेट घालून गेले, आतल्या वाटेवर कमरेएवढं गवत आहे, बाहीवर काडी झटकली आणि खरंच पिवळी रेघ उमटली. लगेच तीन शिंका! उद्यापासून दिवाळीपर्यंत डांबरी रस्त्याच्या बाजूने जाईन, तेही उजाडताच, आणि मास्क लावून. टेस्टची अपॉइंटमेंट घेतली, गोळ्या कधी थांबवायच्या ते विचारलं. सोसायटीच्या ग्रुपवर सप्तपर्णीचं लिहिलंय, सेक्रेटरी म्हणाले अर्ज तूर्त थांबवतो. रानवाट, वावळीची पानं कशी ओळखायची, चुरगळली की वास येतो का?

रानवाट
हो ताई, चुरगळून बघा, उग्र वास येतो. आणि मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली कागदासारख्या गोल चपट्या चकत्यांचा सडा दिसला तर नक्की वावळच. पर्वतीच्या बाजूला येत असाल तर एखाद्या रविवारी दाखवतो.