मदत हवी आहे : कर्ली खाडीसाठी लहान मोटरबोट

नमस्कार मंडळी. मालवणजवळच्या देवबागला, कर्ली खाडीत घरच्यांसाठी एक लहान फायबर होडी घ्यायचा विचार आहे. पाच-सहा माणसं, थोडी गरीची मासेमारी, क्वचित बाजारहाट. संगमापलीकडे समुद्रात जायचं नाही.

विक्रेते वेग आणि एचपीवरच बोलतात. मला खरी काळजी ओहोटीची आहे. संगमाशी वाळूचे पट्टे दर पावसाळ्यानंतर सरकतात, पाणी गुडघाभरच उरतं. सपाट तळाची होडी तिथून निघेल, पण दुपारचा वारा सुटला की लाटांवर आपटते. इंग्रजी व्ही आकाराच्या तळाची लाट कापते, पण पाणी जास्त मागते. मधला प्रकार कुणी वापरलाय का? उथळ पाण्यात इंजिन हाताने वर उचलता येणारं हवं, म्हणून १५ एचपी फोर-स्ट्रोक डोळ्यांसमोर आहे. सहा माणसांना पुरेल?

आई सत्तरीची आहे. तिला चढायला कड बुटकी हवी, आणि धरायला दांडाही. छप्पर असावंच, पण वाऱ्यात ते शिडासारखं होडी ओढतं का?

मेरीटाइम बोर्डाच्या नोंदणीचं नंतर विचारेन. आधी सांगा, रोजच्या वापरात कशावाचून अडतं आणि काय नुसतं पडून राहतं?