मदत हवी आहे: लहान-थोर सगळ्यांची एकच शर्यत, पहिला कोण ते न्यायाने कसं ठरवायचं?

सुरूबन:
मंडळी, जरा लवकर सांगा. गुरुवारी मंडळाची बैठक आहे, त्याआधी पत्रक छापायला द्यायचंय. आमच्याकडे दरवर्षी धावण्याची शर्यत असते. गेल्या वर्षी निकालावरून वाजलं आणि यंदा निम्मी माणसं नावच देत नाहीयेत. पोरं, बायका, म्हातारी माणसं सगळी एकत्र पळतात आणि एकत्रच पळायला हवीत. पण त्यातून पहिला नंबर कुणाचा, हे ठरवायचं कसं? असं काही सूत्र असतं म्हणे. कुणी वापरून बघितलंय का? कृपा करून गट पाडा असं सांगू नका, ते करून झालंय.

जांभादगड:
अंतर किती? डांबरी रस्ता की वाळू? माणसं किती? वेळ मोजायला काय आहे? गाव कुठलं? यातलं काहीच न सांगता सूत्र कसलं मागताय?

आरती_पळते:
एज ग्रेडिंग वापरा. पुण्यात आमच्या धावण्याच्या गटात आम्ही तेच करतो. वर्ल्ड मास्टर्स ॲथलेटिक्स या ज्येष्ठ खेळाडूंच्या जागतिक संघटनेचे तक्ते आहेत. प्रत्येक वयासाठी, स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळी प्रमाणवेळ असते. तिला तुमच्या वेळेने भागायचं, की टक्के मिळतात. समजा तुमच्या वयाची प्रमाणवेळ १८ मिनिटं आहे आणि तुम्ही ३६ मिनिटांत आलात, तर ५० टक्के. ज्याचे टक्के जास्त तो पहिला. ६०च्या वर गेलात तर स्थानिक पातळीचे चांगले धावपटू, ७० म्हणजे विभागीय, ८० राष्ट्रीय, ९० म्हणजे जागतिक. मी ५१ वर्षांची आहे. २४ वर्षांचा भाचा माझ्या ४ मिनिटं आधी पोहोचतो आणि टक्क्यांत माझ्या मागे राहतो. त्यालाही ते पटलेलं आहे.

तांडेल:
वाळूत असेल तर आधी तिथी सांगा.

पीटी_सर_निवृत्त:
३५ वर्षं शाळेत खेळ शिकवला. अनुभवाने सांगतो, गट पाडल्याशिवाय न्याय होत नाही. १४ च्या आतले, १८ च्या आतले, खुला, ४५ च्या वरचे, ६० च्या वरचे, आणि प्रत्येकात मुलगे-मुली वेगळे. बाकी सगळे शहरी प्रयोग आहेत.

सुरूबन:
गाव गुहागर. वाळूच, दुसरं काय असणार? ५ किलोमीटर, अडीच जायचं आणि अडीच परत यायचं. १२० च्या आसपास माणसं. मोबाईलचं घड्याळ आणि वही. रविवारी सकाळी ७ ला सुरुवात. तिथीचा काय संबंध?

सर, गट पाडू नका असं वरच लिहिलंय. गेल्या वर्षी तुमच्यासारखेच १४ गट केले होते. ५५ च्या वरच्या बायकांत एकच मावशी. रोज पहाटे मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चार वाड्या फिरणारी. लुगड्याचा काष्टा मारून पूर्ण ५ किलोमीटर पळाली. तिला ढाल दिली तर तिने माईकवरच विचारलं, "मी कुणाला हरवलं म्हणून देताय?" आणि ढाल टेबलावर ठेवून खाली उतरली. अजून ती ढाल मंडळाच्या कपाटात आहे. तेव्हापासून मला झोप नाही.

काजूवाला:
ढाली मुळात देऊच नका. घरात ठेवायला जागा नसते, दोन पावसाळ्यांत गंजतात. ५ किलो काजूगर द्या, घर आनंदाने खातं.

आरती_पळते:
त्या मावशींसाठीच तर एज ग्रेडिंग आहे! टक्क्यांत त्यांनी कदाचित सगळ्या पोरांना मागे टाकलं असेल. बारामतीच्या लता करे यांनी साठी ओलांडल्यावर नऊवारीत, अनवाणी पळून ज्येष्ठांची शर्यत जिंकली होती. वय म्हणजे मर्यादा असं धरूनच चालायचं नसतं. फौजा सिंग यांनी २०११ मध्ये टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली तेव्हा पासपोर्टप्रमाणे ते १०० वर्षांचे होते.

जांभादगड:
आरतीताई, तक्ता चांगलाच आहे, पण तो रस्त्यावरच्या शर्यतीचा. आणि गावातल्या ज्येष्ठांच्या आधारकार्डावर बघा, निम्म्यांची जन्मतारीख १ जानेवारी. वर्षही कुणीतरी अंदाजाने लिहिलेलं. ६८ की ७३ यावर ढाल ठरणार असेल तर भांडण नक्की.

त्यापेक्षा नंतर वेळ कापू नका, माणसं आधी-मागे सोडा. ज्याला ५० मिनिटं लागतील असा अंदाज, तो ७ ला सुटेल. ३० वाला ७.२० ला. २० वाला ७.३० ला. सगळे आपापल्या अंदाजाप्रमाणे पळाले तर ७.५० ला एकदम येतील. रेघ जो आधी ओलांडेल तो पहिला. काठावर उभ्या असलेल्या आजीलाही निकाल डोळ्यांनी दिसतो, कुणाला टक्के समजावून सांगावे लागत नाहीत.

हे नवं नाही. कॅलिफोर्नियात डिपसी नावाची डोंगरातली शर्यत १९०५ पासून होते. तिथे वय आणि स्त्री-पुरुष बघून आधी सोडतात. २०१० मध्ये ती ८ वर्षांच्या मुलीने जिंकली. ऑस्ट्रेलियात स्टॉवेल गावी १८७८ पासून अशीच शर्यत आहे, तिथे वेळेऐवजी अंतराची आघाडी देतात.

भरतीची_तयारी:
मग मी वर्षभर पहाटे चारला उठून पळतो ते कशाला? पोलीस भरतीसाठी १६०० मीटर रोज घड्याळ लावून मारतो. आणि चालत आलेला माणूस अर्धा तास आधी सुटला म्हणून पहिला? सर्वांत जोरात पळणाऱ्याला काहीच नाही, हा कुठला न्याय?

पीटी_सर_निवृत्त:
बरोबर बोललास बाळा. म्हणून म्हणतो, गट.

तांडेल:
कुणी ऐकत नाही म्हणून सविस्तर लिहितो. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. कॅलेंडर बघितलं, तुमचा रविवार एकादशीचा. ११ ची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठला पूर्ण भरती आणि तुम्ही ७ ला माणसं सोडणार. पाणी चढत असणार.

आता जांभादगड म्हणतात तसं आधी-मागे सोडलंत तर काय होईल? म्हातारी माणसं ७ ला सुटतील, त्यांना थोडी तरी ओली घट्ट वाळू मिळेल. पोरं साडेसातला सुटतील तोवर पाणी वर आलेलं. त्यांना सुरूच्या झाडांच्या बाजूच्या कोरड्या भुसभुशीत वाळूतून पळावं लागेल. कोरड्या वाळूत पळायला घट्ट जमिनीच्या दीडपटीहून जास्त ताकद जाते. मग तुमचं मिनिटांचं गणित कुठे राहिलं? एकाच शर्यतीत दोन वेगळे किनारे होतील.

पुढचा रविवार तृतीयेचा. भरती सव्वादोनला, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी आठच्या सुमारास. उधाण नुकतंच होऊन गेलेलं, त्यामुळे ओहोटीला पाणी लांब जातं आणि घट्ट वाळूचा पट्टा रुंद मिळतो. ओहोटीच्या आगेमागे अर्धा-पाऊण तास पाणी फारसं हलत नाही. पहिला माणूस साडेसातला सोडा, शेवटचा येईपर्यंत सगळ्यांना एकच वाळू. एक आठवडा पुढे ढकला, बाकी काही बदलू नका.

सुरूबन:
तांडेलकाका, तुम्ही डोळे उघडलेत! गेल्या वर्षी परतीच्या वाटेवर लाट पायात येत होती आणि आम्ही म्हणत होतो माणसं दमली. तारीख बदलायला मंडळ कुरकुर करेल, पण मी बोलतो.

पावलंवाळूतली:
तारखेचं चाललंय म्हणून सांगते. हा काळ ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा आहे. गुहागरला घरटी होतात. वनविभागाला आणि कासवमित्रांना विचारल्याशिवाय वाळूत खांब ठोकू नका, किनाऱ्यावर गाडी तर अजिबात नेऊ नका. पहाटे मादीच्या पावलांचा माग पुसला गेला तर घरटं सापडत नाही. आधी त्यांची फेरी होऊ दे, मग माणसं उतरवा.

आरती_पळते:
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. पण मूळ प्रश्न राहतोय. प्रत्येकाचा अंदाज ठरवणार कोण? माणूस स्वतःच सांगणार असेल तर २५ मिनिटांत येणारा ३५ सांगेल आणि ढाल घेऊन जाईल. तक्त्यात हे करता येत नाही.

जांभादगड:
चाचणी घ्यायची. दोन आठवडे आधी, ओहोटीलाच, त्याच वाळूत २ किलोमीटर. पीट रीगल नावाच्या अमेरिकी इंजिनिअरचं सूत्र आहे, त्याप्रमाणे २ किलोमीटरच्या वेळेची साधारण २.६४ पट केली की ५ चा अंदाज येतो. २ ला १० मिनिटं लागली तर ५ ला साडेसव्वीसच्या आसपास.

भरतीची_तयारी:
चाचणीला लोक मुद्दाम हळू पळतील.

जांभादगड:
पळतील. म्हणून चाचणीच्या दिवशीच सर्वांत वेगवान तिघांना रोख बक्षीस द्या, म्हणजे तुझ्यासारखा माणूस हात आखडणार नाही. आणि नियम पत्रकातच छापा: अंदाजापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक लवकर आला तर अभिनंदन, पण ढाल नाही. डिपसीत जिंकणाऱ्याची पुढच्या वर्षीची आघाडी काही मिनिटांनी कापतात, तेही करा.

आरती_पळते:
दहा टक्क्यांचा नियम मला मान्य नाही. एखादी बाई आयुष्यात पहिल्यांदा पळणार, चाचणीला बिचकणार आणि शर्यतीच्या दिवशी मोकळी सुटणार. तिलाच तुम्ही बाद करणार? नव्या माणसांत अशी सुधारणा खरीच होते. सुरूबन, तुम्ही तक्ताच घ्या. वयाचा पुरावा नसेल तर माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवा.

सुरूबन:
एक सांगायचं राहिलं, मला वाटलं त्याने फरक पडत नाही. आमच्यात एक जण आहे, चाळिशीचा. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय बारीक आहे. होड्यांचं इंजिन दुरुस्त करतो. रोज संध्याकाळी खालचा पाट या वाडीच्या बाजूने पळतो. ओल्या वाळूत त्याचा माग लांबूनही ओळखू येतो, उजवं पाऊल खोल आणि सरळ, डाव्याची नुसती बोटं उमटलेली, मागे एक रेघ ओढलेली. गेल्या वर्षी त्याला खास बक्षीस देऊ म्हटलं तर म्हणाला, "खास नको. सगळ्यांत धरा नायतर सोडा." त्याला तक्त्यात कुठे धरू?

आरती_पळते:
हे आधी का नाही सांगितलंत? तक्त्यात त्यांना जागा नाही. पॅरास्पोर्टमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या खेळांत, वर्गीकरण असतं, पण ते तज्ज्ञांनी तपासून करायचं काम आहे, गावात होणार नाही. माझा तक्त्याचा आग्रह मी मागे घेते. त्यांच्यासाठी त्यांची स्वतःची आधीची वेळ हीच खरी तुलना आहे, आणि मग ती सगळ्यांसाठीच धरा. फक्त बिचकणाऱ्या बाईचं काहीतरी करा.

जांभादगड:
दोन चाचण्या घ्या, सलग दोन रविवारी. दोन्हींतली चांगली वेळ धरायची. बिचक पहिल्या वेळी निघून जाते. लबाडी करणाऱ्याला दोनदा करावी लागते, आणि गावात ते लपत नाही.

तांडेल:
सलग रविवार म्हणता, पण दोन्ही रविवारी ओहोटी सकाळची येत नाही. आठवड्यात तिथी सातने पुढे जाते आणि भरतीची वेळ सव्वापाच तासांनी. एक चाचणी सकाळी आणि दुसरी दुपारच्या ओहोटीला, असं धरा. दुपारची उन्हात येईल, दमट हवेत घाम वाळत नाही, माणसं जड पळतील. त्यापेक्षा दुसरी चाचणी एक रविवार सोडून घ्या.

पीटी_सर_निवृत्त:
सुरूबन, मी गटांबद्दल बोललो ते मनापासून. पण त्या मावशींचं आणि इंजिनवाल्याचं वाचलं आणि माझ्याच शाळेतली काही मुलं आठवली, जी गटात कधीच बसली नाहीत. घड्याळं हवी असतील तर माझ्याकडे तीन चांगली आहेत. शेवटच्या रेघेवर एकाने फक्त वेळ वाचायची, दुसऱ्याने फक्त लिहायची, तिसऱ्याने येणाऱ्याच्या हातात क्रमांकाचा बिल्ला द्यायचा. तिन्ही कामं एका माणसाला दिलीत तर वही चुकतेच.

भरतीची_तयारी:
आणि सर्वांत वेगवान?

सुरूबन:
दोन ढाली. एक रेघ आधी ओलांडणाऱ्याला, दुसरी निव्वळ वेळ सर्वांत कमी असणाऱ्याला, सुटण्याची वेळ वजा करून. दोन्ही सारख्याच उंचीच्या, आणि माईकवर एकापाठोपाठ एक. तू ये भावा, शेवटी सुटशील आणि अख्खा किनारा तुझ्या पुढे पळत असेल, तो पकडायचा.

मंडळासमोर हेच मांडतो: शर्यत तृतीयेच्या रविवारी, साडेसातला पहिला माणूस, दोन चाचण्या, दोन ढाली, कासवमित्रांची फेरी झाल्यावरच दोर टाकायचा. दहा टक्क्यांचं बैठकीत ठरवू, माझं स्वतःचं मत आरतीताईंच्या बाजूने आहे. काल मावशीला जेट्टीवर गाठलं आणि नवी पद्धत सांगितली. पाटी खाली न ठेवताच ऐकलं. म्हणाली, "म्हणजे त्या इंजिनवाल्याच्या आधी सुटीन का मागून?" म्हटलं, चाचणीत कळेल. "मग चाचणी कधी हाय?" एवढं विचारून गेली.

शेवटच्या रेघेला दोन्ही बाजूंना दोर लावायचा आहे, १२० माणसं एकदम आली तर रांग हवी. आमच्याकडे जुनं जाळं आहे, ते चालेल का?

तांडेल:
जाळं नको, पायात गुंततं आणि कासवालाही वाईट. माझ्याकडे होडीच्या नांगराचा जाड दोर पडून आहे, ३० वाव, म्हणजे १८० फूट भरेल. शनिवारी संध्याकाळी कुणाला तरी पाठवा.