मदत हवी आहे: लोडवर करंट नाचतोय, रोटर बार (मोटरच्या फिरणाऱ्या भागातली दांडी) तुटलाय का ते मोटर न खोलता कसं बघू?

मंडळी, भोसरी एमआयडीसीत आमच्याकडे ब्लोअरवर १० एचपीची मोटर आहे, ४१५ व्होल्ट, १४४० आरपीएम, स्टार-डेल्टा स्टार्टर (वाइंडिंग सुरुवातीला स्टार, मग डेल्टा जोडणारा), व्हीएफडी (वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) नाही. लोडवर घूंऽऽ-घूंऽऽ असा आवाज एका तालात कमीजास्त होतो आणि त्याच तालात क्लॅम्प मीटरचा आकडा ११ ते १३ ॲम्पियर नाचतो, तिन्ही फेजला सारखाच. बेल्ट काढला की आवाज गायब, आकडा पण स्थिर.

बेअरिंग नवीन टाकल्या, बेल्ट-पुली बदलून पाहिली, मेगर (इन्सुलेशनची टेस्ट) ओके, तिन्ही वाइंडिंगचा रेझिस्टन्स सारखा, सप्लाय बॅलन्स. तरी वाइंडर म्हणतोय रिवाइंड करा, मला नाही पटत, वाइंडिंग गेलं असतं तर एखादी फेज वेगळी दिसली असती ना.

सिंगल फेजवर कमी व्होल्टेज देऊन शाफ्ट हाताने हळूहळू फिरवत करंट बघायचा, ती टेस्ट करायचीय. व्हेरिॲक (व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) आहे १५ ॲम्पियरचा, व्हायब्रेशन ॲनालायझर वगैरे काही नाही, आणि मोटर फक्त गुरुवारी सुट्टीलाच बंद मिळते. सहा टोकं बाहेर आहेत, तर एकाच वाइंडिंगला सप्लाय देऊ का डेल्टा जोडून दोन टोकांना, किती व्होल्टपर्यंत जाऊ, आणि करंट साधारण किती टक्के हलला की रोटर गेला समजायचं?