मदत हवी आहे: पठारावरच्या गाळाचं वय काढायला पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला पैसे कुठून मिळतात?

नमस्कार मंडळी,

मी भूशास्त्रात पीएच.डी. करतेय, तिसरं वर्ष चालू आहे. सातारा जिल्ह्यात एका जांभ्याच्या पठारावर भर उन्हाळ्यातही न आटणारी पाणथळ जागा आहे. तिथला गाळ तपासून मागच्या काही हजार वर्षांत घाटमाथ्यावरचा पाऊस कसकसा बदलत गेला ते शोधायचं, असा विषय आहे. सीएसआयआरची फेलोशिप आहे, वरिष्ठ संशोधक (एसआरएफ) म्हणून महिन्याला 42,000 रुपये मिळतात, त्यामुळे राहण्याखाण्याची ओढाताण नाही. अडलंय ते कार्बन डेटिंगच्या, म्हणजे गाळातल्या कार्बनवरून त्याचं वय काढण्याच्या, खर्चापाशी.

काम कुठवर आलंय ते आधी सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपं जाईल.

मागच्या एप्रिलमध्ये आम्ही तिघांनी तीन इंची पीव्हीसी पाइप ठोकून गाभा, म्हणजे गाळाचा उभा दंडगोल, काढला. वरचा वीतभर थर तांबूस, गवताच्या मुळ्यांनी गच्च भरलेला. त्याखाली काळाभोर, लोण्यासारखा मऊ गाळ. 142 सेंटिमीटरवर पाइप खालच्या जांभ्याला टेकला आणि हातोड्याचा आवाजच बदलला. मग पाइपाचं वरचं तोंड झाकणाने घट्ट बंद करून तो हळूहळू उपसायचा, नाहीतर तळाचा, म्हणजे सगळ्यात जुना, गाळ तिथेच सुटून राहतो. गावातले एक आजोबा दिवसभर बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "पोरी, बहात्तरच्या दुष्काळात हिरी कोरड्या पडल्या, पन हितलं पानी आटलं न्हाई." ती माहिती मी वहीत तारखेसकट लिहून ठेवली आहे. 1972 च्या मागचं मात्र गाळालाच विचारावं लागणार.

एक-एक सेंटिमीटरच्या चकत्या केल्या. 550 अंशांवर जाळून सेंद्रिय अंश मोजला, त्याला आमच्याच विभागातली भट्टी पुरली. पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेत चुंबकीय मापनं करून झाली. परागकण मोजणं चालू आहे. कार्बनच्या समस्थानिकांचं, म्हणजे हलक्या आणि जड कार्बनचं प्रमाण मोजण्याचं, काम बाकी आहे आणि खरी मेख तिथेच आहे. झाडं आणि थंड-ओल्या हवेतली गवतं यांच्यात या प्रमाणाचं मूल्य दर हजारी उणे 26 च्या आसपास येतं, तर उष्ण-कोरड्या हवेत फोफावणाऱ्या गवतांचं उणे 12 च्या आसपास. पर्यावरणशास्त्रज्ञ रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीलगिरीत 2,000 मीटरपेक्षा उंचावरच्या पीटमध्ये (दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात) हाच फरक मोजला. त्यावरून त्यांनी गेल्या 20,000 वर्षांतले कोरडे आणि ओले काळ ओळखले. ते काम 1993 साली 'नेचर'मध्ये आलं. आपल्याकडे कासच्या पठारावर पुण्याच्या आघारकर संस्थेच्या संशोधकांनी परागकण आणि डायटम (पाण्यातली सूक्ष्म शैवालं) तपासून सुमारे 8,000 वर्षं मागपर्यंतचा माग काढलाय. त्या नोंदीशेजारी सह्याद्रीची आणखी एक नोंद ठेवता यावी, एवढं मला मनापासून वाटतं.

पण वय कळल्याशिवाय यातलं काहीच बोलता येत नाही. लोणारच्या तळ्यातल्या गाळात 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीच्या दीर्घ दुष्काळाची खूण सापडली आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची ताम्रपाषाण काळातली जोर्वे वस्ती इसवीसनापूर्वी पहिल्या सहस्रकाच्या आरंभी ओसाड पडली, ती वाढत्या कोरडेपणामुळे, असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांचं मत होतं. त्या काळात घोड आणि भीमेच्या उगमाकडे, घाटावर, पाऊस किती पडत होता? माझ्या गाभ्यात 90 सेंटिमीटरच्या आसपास एक फिकट, वाळूमिश्रित पट्टा आहे. तो कोरड्या काळाचा असू शकतो, किंवा एकाच मोठ्या पावसात वाहून आलेला असू शकतो. तो कोणत्या शतकातला, हे मला आज सांगता येत नाही.

गाइडच्या जुन्या प्रकल्पातल्या उरल्यासुरल्या पैशांतून दोन तारखा काढल्या होत्या. त्यांत खालचा नमुना वरच्यापेक्षा तरुण निघाला! दोन्ही नमुने सबंध गाळाचे होते. मुळ्या खोल जातात आणि नवा कार्बन खाली नेतात, तसंच झालं असणार. म्हणून आता कोळशाचे आणि बियांचे सुटे तुकडे वेचून त्यांचं एएमएस डेटिंग (अगदी छोट्या नमुन्यावर होणारं कार्बन डेटिंग) करायचं आहे. निदान आठ तारखा तरी हव्यात.

एका परदेशी खासगी प्रयोगशाळेने नमुन्यामागे पाचशे डॉलरच्या वर सांगितले. माझी कंटिन्जन्सी, म्हणजे फेलोशिपसोबत संशोधनखर्चाला मिळणारी रक्कम, वर्षाला 20,000 रुपये. म्हणजे दोन वर्षांची सगळी कंटिन्जन्सी ओतली तरी एक तारीखही पुरती निघणार नाही, आणि त्यातूनच प्रवास, रसायनं, काचपट्ट्याही भागवायच्या. एएनआरएफचा (केंद्राच्या संशोधन निधी संस्थेचा) प्रकल्प प्राध्यापकांच्या नावावर मिळतो. पण माझ्या गाइडची नोकरी दोन वर्षांहून कमी उरलीय, म्हणून तीही वाट अवघड. बार्टी, सारथी, महाज्योती सुचवू नका, एक फेलोशिप चालू असताना दुसरी घेता येत नाही.

तर जाणकारांनी कृपया सांगावं. दिल्लीचं आययूएसी (आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र) विद्यापीठांतल्या संशोधकांचे एएमएससाठीचे प्रस्ताव घेतं. तिथे कुणी पीएच.डी. करताना नमुने मोजून घेतलेत का? प्रस्ताव गाइडच्या नावे करावा लागला का, नमुन्यातल्या कार्बनचं मोजणीसाठी ग्राफाइट करायला स्वतः जाऊन राहावं लागलं का, आणि निकाल किती दिवसांत हाती आला? लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत किंवा अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (भौतिक संशोधन प्रयोगशाळेत) सहलेखक म्हणून कुणाला जोडून घेतलं, तर खर्च कोण उचलतं? रफर्ड फाउंडेशनचे पैसे निसर्गसंवर्धनासाठी असतात. गावाला सोबत घेऊन पाणथळ राखायचा आराखडा मी तसाही करणारच आहे, पण त्यात दोन-तीन तारखांचा खर्च धरला तर ते प्रामाणिक ठरेल का? हे मला खरंच विचारायचं आहे. फुलब्राइट-नेहरू (अमेरिका) किंवा डाड (जर्मनी) या शिष्यवृत्त्यांच्या वारीत कुणी तिथल्या प्रयोगशाळेत वयं काढून आणलीत का?

घाईचं कारणही सांगते. दिवाळीच्या सुट्टीत विभागातला फ्रीज दोन दिवस बंद होता. उघडला तेव्हा गाभ्याच्या वरच्या टोकाच्या चकत्यांना पांढरी बुरशी धरली होती. बुरशीमुळे आजचा कार्बन मिसळण्याची भीती असते, म्हणजे तेवढा भाग डेटिंगला बाद. मग मी तीन रात्री बसून उरलेल्या चकत्या चाळल्या आणि कोळशाचे अकरा तुकडे चिमट्याने वेचून, वाळवून, काचेच्या कुप्यांत ठेवलेत. प्रत्येक कुपीवर खोली लिहिलेली आहे. त्यांतला सगळ्यात मोठा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा आहे. ते कुठे पाठवू, तेवढं सांगा.