सुदानमधील युद्धग्रस्त कुटुंबांसाठी सामान पाठवावे की पैसे?

प्रश्न
सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ रोजी लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले, तेव्हापासूनच्या बातम्या वाचून स्वस्थ बसवत नाही. आमच्या सोसायटीतील काही सभासद तेथील विस्थापितांसाठी कपडे, धान्य आणि घरात उरलेली औषधे गोळा करू इच्छितात. असे सामान तेथे पोहोचते का, आणि उपयोगी पडते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
आपली तळमळ रास्त आहे, तरीही सामान गोळा करू नये असेच मी सुचवेन. पोर्ट सुदान बंदरात उतरलेला माल देशाच्या पश्चिमेकडील दारफूर प्रदेशात न्यायचा तर हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते, वाटेत दोन्ही पक्षांच्या चौक्या लागतात आणि पावसाळ्यात एरवी कोरड्या असणाऱ्या नद्यांना पूर आला की ट्रक अडकून पडतात. शेजारच्या चाड देशाच्या सीमेवरील आद्रे नाका दारफूरला त्या मानाने जवळचा, पण २०२४ मध्ये फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत तोही बंद होता. आणि त्याच ऑगस्टमध्ये दारफूरमधील झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ असल्याचे तज्ज्ञांनी जाहीर केले. अशा मार्गावरील ट्रकमध्ये जुन्या कपड्यांना जागा देणे मला तरी पटत नाही. रुग्णांकडे उरलेली औषधे दान करू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट सांगितले आहे.

उत्तर २
वरील मताशी मी सहमत आहे. सुदानमधील वस्त्यावस्त्यांत स्थानिक स्वयंसेवकांनी ‘तकाया’ नावाची सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली आहेत. त्यांना मोबाइलवरून पैसे मिळाले की बाजारात मिळेल ती ज्वारी किंवा मसूर घेऊन चूल पेटते, आणि व्यापाऱ्याचे दुकानही टिकते. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवली तेव्हा यांतील शेकडो चुली विझल्या. पुढे वेढ्यात सापडलेल्या दारफूरमधील अल फाशर शहरात माणसांनी शेंगदाण्याची पेंड, म्हणजे गुरांचे खाद्य, खाऊन दिवस काढले. ज्या बालकाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरहून कमी भरतो, म्हणजे जे तीव्र कुपोषित असते, त्याला मात्र नुसते धान्य पुरत नाही. त्याला ९२ ग्रॅमच्या पाकिटातील शेंगदाण्याचे औषधी खाद्य लागते, आणि तेही पैशांनीच खरेदी होते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. सामान गोळा करण्याचा बेत आम्ही सोडतो. पैसे पाठवताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर १
रक्कम सुदानसाठीच वापरली जाईल का, हे संस्थेकडून आधी लेखी विचारून घ्यावे, कारण आंतरराष्ट्रीय संस्थांच्या भारतातील शाखा पुष्कळदा येथील कामासाठीच निधी घेतात. थेट परदेशी संस्थेला देणगी द्यायची असल्यास प्रत्येकाने ती स्वतःच्या बँकेमार्फत पाठवावी. तिच्यावर प्राप्तिकरात देणगीची सवलत मिळत नाही, हे सभासदांना आधीच सांगावे.