टर्बोची मांडणी: एक मोठा, ट्विन-स्क्रोल की दोन लहान?

प्रश्न: दोन लिटरच्या चार सिलिंडर पेट्रोल इंजिनासाठी टर्बोचार्जर (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारे यंत्र) निवडायचा आहे. एका मोठ्या टर्बोने वरच्या आरपीएमला भरपूर ताकद मिळते, पण खाली बूस्ट (हवेचा वाढीव दाब) तयार व्हायला वेळ लागतो. ट्विन-स्क्रोल (टर्बाइनकडे एक्झॉस्ट नेणाऱ्या दोन वेगळ्या वाटा असलेला एकच टर्बो) घ्यावा, की दोन लहान टर्बो बसवावेत? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: माझे मत निःसंशय ट्विन-स्क्रोलच्या बाजूने आहे. १-३-४-२ या फायरिंग ऑर्डरमध्ये (सिलिंडर पेटण्याच्या क्रमात) १ व ४ आणि २ व ३ या जोड्यांचा एक्झॉस्ट वेगवेगळ्या वाटांनी टर्बाइनपर्यंत नेला, की एका सिलिंडरच्या दाबाचा झोत दुसऱ्याच्या उघड्या व्हॉल्व्हमधून आत शिरत नाही आणि टर्बाइन लवकर वेग घेते. मात्र मॅनिफोल्डही (सिलिंडरांचा एक्झॉस्ट टर्बोपर्यंत नेणारी नळ्यांची जोडणी) दुभागलेलाच हवा. साध्या मॅनिफोल्डवर असा टर्बो बसवणे म्हणजे पैसे पाण्यात.

उत्तर २: सहमत. दोन टर्बो सहा-आठ सिलिंडरलाच शोभतात. टोयोटा सुप्राच्या २जेझेड-जीटीई इंजिनात आधी एक आणि मग दुसरा टर्बो कामाला लागत असे. खालची ओढ उत्तम होती, पण व्हॅक्यूमच्या नळ्या आणि झडपांचे जाळे इतके किचकट, की अनेकांनी ते काढून एकच मोठा टर्बो बसवला.

उत्तर ३: व्हेरिएबल जॉमेट्रीचा (टर्बाइनभोवतीच्या हलत्या पात्यांनी एक्झॉस्टची वाट कमी-जास्त करण्याचा) पर्याय राहिलाच. डिझेलमध्ये ती सर्रास दिसते. पेट्रोलचा एक्झॉस्ट मात्र १००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकतो, त्यामुळे हलत्या पात्यांना उष्णता सोसणारा खास मिश्रधातू लागतो आणि खर्च वाढतो. काहीही निवडले, तरी आधी कोणत्या आरपीएमला किती बूस्ट हवा, हे कॉम्प्रेसर मॅपवर (किती दाबाला आणि हवेच्या प्रवाहाला टर्बो कसा चालतो, हे दाखवणाऱ्या आलेखावर) ताडून पाहावे.