जुना टीव्ही गेम: चित्रात आडव्या पट्ट्या सरकतात

प्रश्न (कोल्हापूर): ६० पिनांच्या कॅसेटचा आठ-बिट टीव्ही गेम. पट्ट्या वर सरकतात, काही कॅसेटवर स्क्रीन नुसती करडी. अडॅप्टर ९ व्होल्टचा. बंदूक एलईडी टीव्हीवर चालेल का?

उत्तर १: पट्ट्या म्हणजे बहुधा फिल्टर कपॅसिटर (वीज स्थिर करणारा भाग) सुकलाय. ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) च्या इनपुटवरचा १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा नवा लावा. ७८०५ च्या आउटपुटला ४.८ ते ५.२ व्होल्ट हवेत. ७८०५ तापतोच, पण हीटसिंक (उष्णता ओढणारी धातूची पट्टी) सैल असेल तर आवळा. अडॅप्टर बदलणार असाल तर आधी मल्टिमीटरने ध्रुव तपासा! १९८३ च्या जपानी फॅमिकॉमला (निन्टेंडोचा मूळ गेम) अडॅप्टरची मधली पिन निगेटिव्ह असते, नकलांमध्ये काहीही सापडतं. उलटं लागलं की बोर्ड जातो.

उत्तर २: करडी स्क्रीन कॅसेटच्या पिनांमुळे. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या हिरव्या पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीने लावा, सुकू द्या. सँडपेपर नको रे भावा, मुलामा निघतो. बंदुकीला मात्र डब्बा टीव्हीच पाहिजे. ती पिक्चर ट्यूबवर उमटणाऱ्या प्रकाशाची वेळ ओळखते, एलईडीवर चित्र उशिरा येतं.